डेबऱ्या हाताच्या फुल्या

बाई, तुमच्या मुलीच्या रुखवतातले भरतकामाचे बुलबुल उंदरांनी कुरतडले. सगळे नाही, खालचा एक कोपरा. सोमवारी ताई, म्हणजे तुमची मुलगी, ती फ्रेम जुन्या साडीत गुंडाळून मलकापुरात माझ्या घरी घेऊन आल्या. समोरच्या खोलीत मी भरतकामाचा क्लास घेते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असेल. मी कोण, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी मला ओळखायचं काही कारणही नव्हतं. तुमच्या हाताखालून शेकडो पोरी गेल्या, त्यातली मी सोनाळ्याहून एसटीनं येणारी एक. ताईंनी साडीची गाठ सोडली, काचेवरची धूळ पदरानं पुसली, आणि मी पाहतच राहिले. ताई म्हणाल्या, "माह्या आईच्या हातचं आहे हे. तिच्या हातचं एवढंच राह्यलं माह्याजवळ. कोपऱ्यात माह्यं नाव भरलं होतं तिनं, नेमकं तेच खाल्लं पाहा मेल्यांनी. तेवढं नाव परत भरून द्या ना."

ऐकलंत ना बाई? माझ्याच कामावर, जिनं जन्मात सुई हातात धरली नाही तिचं नाव, आणि तेही मीच भरायचं. वा! मी फ्रेम ठेवून घेतली आणि म्हणाले, गुरुवारी या. त्या गेल्या आणि मी क्लासच्या पोरींना घरी पाठवून दिलं. त्यांनी विचारलं, "ताई, बरं नाई वाटून राह्यलं का?" मी म्हटलं, हाव, नाही वाटत. खरंच वाटत नव्हतं. अंगात आग आग होत होती. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली. तेव्हा मी तुमच्या घरी भेटायला आले नव्हते. मुद्दाम आले नव्हते. वाटलं होतं संपलं सगळं, पण कसलं संपतंय!

संग्रामपूरच्या त्या शाळेत तुमचा शिवणाचा तास दुपारी असायचा. पत्र्याची खोली, उन्हानं तापलेली, आणि तुम्ही स्टार्चच्या साडीत ताठ उभ्या. तुम्ही वर्गात शुद्ध बोलायच्या, पुस्तकातल्यासारखं, आणि राग आला की तुमचं वऱ्हाडी सुटायचं. आम्ही त्यावरून ओळखायचो की आता कुणाचं तरी काम उसवलं जाणार. मॅटीच्या, चौकटी विणीच्या कापडाचा तुकडा प्रत्येकीच्या हातात दिला की तुमचं सुरू व्हायचं. "दोरा किती घ्यायचा? बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. लांब दोरा आळशिणीचा, तो गुंतणार आणि पिंजणार. लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्यायचे, आणि तेही एकेक करून ओढायचे. गाठ मारायची नाही. गाठ म्हणजे उलट्या बाजूला फोड. शेपूट मागं धरायचं आणि पहिल्या टाक्यांखाली दाबून टाकायचं." हे सगळं मला अजून पाठ आहे. क्लासमध्ये पोरींना सांगताना तोंडातून तुमचाच आवाज येतो आणि माझी मलाच चीड येते.

आणि सगळ्यात मोठा नियम. फुली म्हणजे दोन टाके, एक खालचा, एक वरचा. वरचा टाका प्रत्येक फुलीत एकाच बाजूला झुकला पाहिजे. एक जरी फुली फिरली तरी उजेड पडला की ती वेगळी चमकते, कापड चट्ट्यापट्ट्याचं दिसतं. तुम्ही कापड खिडकीशी धरून तिरपं करायच्या आणि एका नजरेत सांगायच्या कुठली फुली चुकली ते. मग एकच शब्द: उसव. माझ्या तर सगळ्याच चुकायच्या. कारण मी सुई डाव्या हातात धरायची आणि फुली आपोआप उलटी पडायची. तुमच्या फुलीत वरचा टाका डावीकडं झुकलेला, माझ्या फुलीत उजवीकडं. "डेबरी आहेस का वं तू?" तुम्ही अख्ख्या वर्गासमोर विचारलंत, आणि पोरी फिदीफिदी हसल्या. "डेबऱ्या हातानं कोणी नैवेद्य दाखवते का? उजव्यात धर." मी उजव्यात धरली. टाका कुठं आवळला जायचा, कापडाला भोक पडायचं, कुठं ढिला राहून लोंबायचा. तुम्ही म्हणायच्या, दोरा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. मी म्हणायची, बाई, त्या हाताला टेकवता येत नाही. तर फूटपट्टी बसायची डाव्या हातावर, ज्यानं काहीच केलेलं नसायचं.

मग तो दिवस. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागं बसलेय, कापड मांडीवर, सुई डाव्या हातात. चोरून. मागं तुम्ही कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलंच नाही. सावली पडली तेव्हा वर पाहिलं, आणि आता खैर नाही म्हणून हात आपोआप मागं घेतला. तुम्ही कापड उचललंत. उजेडात तिरपं केलंत. मग उलटं केलंत, कारण तुमचा जीव नेहमी उलट्या बाजूत. मग म्हणालात, "कर मग डाव्यानं. पण एकही फुली फिरली तं याद राख." बाई, त्या दिवशी तुमच्यासाठी मी जीव दिला असता. एसटीतून उतरल्यावर घरी पळत गेले आणि मायला सांगितलं, बाईंनी माह्या डेबऱ्या हाताले परवानगी देली. माय संत्र्याच्या बगीच्यातून थकून आलेली, तिला काही समजलं नाही, पण ती हसली.

त्याच वर्षी मी ते बुलबुल काढले. पुस्तकातले नाहीत, माझे. माय ज्या बगीच्यात जायची तिथं पिकल्या संत्र्याला चोच मारायला बुलबुल यायचे, त्यांच्या शेपटीखाली तो लाल ठिपका. मी चौकटीच्या कागदावर ते पेन्सिलीनं मांडले, खोडले, परत मांडले. तुम्ही पाहिलंत आणि कपाटातून मॅटीचं मोठं कापड काढून दिलंत, लड्या दिल्या, बोथट टोकाची चांगली सुई दिलीत. कापडाची चौघडी घातलीत, जिथं घड्या एकमेकींना छेदल्या तिथं बोट ठेवलंत आणि म्हणालात, "मधून सुरू करायचं म्हणजे चित्र सरकत नाही." आणि तुमच्या त्या पद्धतीप्रमाणं पहिल्या चार-सहा फुल्या तुम्ही स्वतः काढल्यात. प्रत्येक पोरीच्या पहिल्या मोठ्या कामाला तुमचा हात लागायचा, तसा माझ्याही. चित्रातलं मधलं संत्र्याचं पान तुमच्या फुल्यांनी सुरू झालं. पण तुमच्या फुल्या उजव्या हाताच्या! पुढं माझ्या सगळ्या एका बाजूला झुकलेल्या आणि त्या तेवढ्याच उलट्या. मी म्हटलं, बाई, तुम्हीच म्हणता सगळ्या सारख्या पाहिजेत, मी त्या उसवून परत काढू का? तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की बस. "त्याले हात लावायचा नाई." नियम आम्हाला, तुम्हाला नाही. तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

वर्षभर भरत होते मी. परीक्षेत, उन्हाळ्यात, ताप आला तेव्हासुद्धा. रोज हात धुऊन बसायची, कारण मातीचा एक डाग पडला असता तरी तुम्ही ते फेकून दिलं असतं. मधूनमधून सुई लोंबकळत सोडायची, दोऱ्याचा पीळ आपोआप उलगडायचा. मोकळ्या जागेवरून मागून दोरा ओढून नेला नाही, कारण गडद दोरा पुढून सावलीसारखा दिसतो. पूर्ण झालं तेव्हा तुम्ही उलटं करून पाहिलंत, सुलटं करून पाहिलंत, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. हो, आलं होतं, मी पाहिलं. म्हणालात, जिल्ह्याच्या प्रदर्शनात ठेवते. मी दिलं. मग मी विचारत राहिले आणि तुम्ही सांगत राहिल्या, येईल, येईल. मग एक दिवस शांतपणे म्हणालात, "हरवलं ते. तिथल्या लोकांनी गहाळ केलं." मी एसटीत सोनाळ्यापर्यंत रडत गेले. कंडक्टरनं विचारलं, कोणी मेलं का पोरी?

लग्नाचं बोलावणं तुम्हीच दिलंत. वर्गातल्या सगळ्या पोरींना. माय आणि मी आलो, माय तिच्या ठेवणीतल्या लुगड्यात. मांडवात एका बाजूला रुखवत मांडलेलं. करंज्या, लाडू, शेवयांचं घर, रुमाल, तोरणं, आणि मधोमध काचेच्या फ्रेममध्ये माझे बुलबुल. खाली कागदाची चिठ्ठी: वधूची कलाकुसर. आणि कोपऱ्यात तुमच्या मुलीचं नाव, लाल दोऱ्यानं. तुमच्या हातचं ते नाव. शिरोरेघेतल्या फुल्या सगळ्या डावीकडं झुकलेल्या, मी चार हात लांबून ओळखल्या. नवरदेवाकडच्या बाया म्हणताहेत, "पोरीच्या हातात कला आहे हो." आणि माझी माय, बिचारी, मोठ्यानं म्हणाली, "अवं माय! हे तं तुह्यंच होय ना वं? हे पाय, बुलबुल!" दोन-तीन डोकी वळली. तुम्ही कुठून आलात कोण जाणे, माझ्या कोपराला धरलंत आणि स्वयंपाकाच्या कनातीमागं नेलंत. तिथं वरणाची वाफ, आचारी ओरडतोय, आणि तुम्ही दात आवळून बोलताय, "तमाशा करते का इथं? रुखवतात सगळ्यांचंच असं असते. कापड माह्यं, दोरे माह्ये, शिकवलं मी. तुह्यं काय वं त्यात?"

तुह्यं काय. बाई, मी पंधरा वर्षांची होते. पुढं आयुष्यभर मी त्याचं उत्तर देत बसले, चुलीपुढं, बसमध्ये, रात्रंदिवस, आणि तुम्ही तिथं नव्हता. तुम्ही खोटं बोललात. तुम्ही मला महिनोन्‌महिने रडू दिलंत आणि ते तुमच्या कपाटात होतं. मागितलं असतंत तर दिलं नसतं का मी? हसत दिलं असतं! ताईंच्या नावासकट दिलं असतं, ते नाव मी स्वतः भरून दिलं असतं. पण मागायचं कुणाला, एका संत्रे तोडणारीच्या पोरीला? त्यापेक्षा घेतलेलं बरं. निघताना तुम्ही मायच्या हातात ब्लाऊज पीस ठेवलात. मायनं तो घेतला, तुमच्या पायाही पडली. एसटीत म्हणाली, "जाऊ दे. बाई होय ते." दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं त्या ब्लाऊज पीसचं चुलीचं पोतेरं केलं होतं. त्याबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मी शिवणाच्या तासाला यायचं सोडलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, काऊन येत नाहीस. कित्येक वर्षं मी सुईला हात लावला नाही. लग्न होऊन मलकापूरला आले, पोरं झाली, मग एकदा शेजारणीच्या पोरीनं शाळेचं काम आणलं, तिच्या सगळ्या फुल्या आवळलेल्या, आणि माझ्यानं राहवलं नाही. तिथून क्लास सुरू झाला. माझ्याकडं उजव्या हाताच्या पोरी समोर बसतात, आरशात पाहिल्यासारखं पाहून शिकतात. डेबऱ्या बाजूला बसतात. कुणाच्याही कामावर मी माझी पहिली फुली काढत नाही. हे तुमच्यामुळं.

मंगळवारी मी फ्रेम उघडली. मागचा पुठ्ठा काढला आणि उलटी बाजू समोर आली. कशी सांगू? आता माझ्या हाताखालून इतकी कामं गेली तरी मला त्यात खोट काढायला जागा सापडेना. एक गाठ नाही. मी ते उलटं-सुलटं करत बसले आणि रडले, पण ते रडणं रागाचं होतं, गैरसमज नको. खाली उंदरांनी नाव साफ केलं होतं, शिरोरेघेचा एवढासा तुकडा राहिला होता. मी तोही उसवून टाकला. घ्या तुमच्या पोरीचं नाव. मग मधलं पान पाहिलं.

आज गुरुवार. ताई आल्या. चहा झाला. मी म्हटलं, ताई, हे तुमच्या आईनं भरलेलं नाही. हे मी भरलंय. मी नववीत होते. त्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. आधी हसल्या, मग उभ्याच राहिल्या. "काहीही काय बोलून राह्यल्या तुम्ही? मेलेल्या माणसावर आळ घेता? आईनं माह्यासाठी चोरून भरलं होतं ते, मी अकोल्याले होस्टेलला असताना. मले सांगितलं तिनं!" म्हणजे तुम्ही तिच्याशीही खोटं बोललात. आम्ही दोघी एकाच खोट्याच्या दोन टोकांना. मी मॅटीचा तुकडा घेतला, सुई डाव्या हातात घेतली आणि त्यांच्यासमोर एक फुली काढली. मग सुई त्यांच्या हातात दिली. म्हटलं, काढा. त्यांनी उजव्या हातात धरली, चाचपडत काढली, वाकडी, पण वरचा टाका डावीकडंच झुकला. तो तुकडा मी खिडकीशी नेला, बुलबुलांशेजारी धरला. म्हटलं, तुमच्या आईचा हात कोणता होता? त्यांनी पाहिलं. तुमचीच मुलगी ती, कापड तिरपं करून पाहिलं तिनं.

मग खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "नाव तिनं भरलं होतं, ते उंदरांनी नेलं. मंग माह्या आईच्या हातचं राह्यलं काय?" बाई, हीच ती घडी. हे मी कितीदा मनात घोळवलं होतं, कनातीमागच्या त्या वाफेत उभी राहून. काही नाही, काही म्हणजे काही नाही, असं म्हणायचं होतं मला. तुह्यं काय वं त्यात? असं. पण त्या माझ्याकडं पाहत होत्या, साठीला टेकलेली बाई, आणि तिनं तर मला काहीच केलं नव्हतं. मी फ्रेम परत उजेडात धरली, मधल्या पानावर बोट ठेवलं. म्हटलं, हे पाहा, या फुल्या वेगळ्या चमकतात. या तुमच्या आईच्या. पहिला टाका त्यांचाच असायचा. ताईंनी बोट फिरवलं त्यावरून, एकेका फुलीवरून, सावकाश. म्हणाल्या, "किती सुबक आहेत हो." मी म्हटलं, हो, आहेत. त्या म्हणाल्या, "नाव राहू द्या. कोपरा मोकळाच ठेवा. कोणी विचारलं तं मी सांगीन कोणाचं आहे ते." आणि फ्रेम त्याच साडीत गुंडाळून घेऊन गेल्या.

माझा राग गेला असं समजू नका. तुम्ही समोर असत्या तर आजही मी ओरडले असते, मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. हे तुम्हाला मी कुठं पाठवणार आहे, पण एक सांगायचं राहिलं आणि ते ताईंना सांगता येणार नाही. मंगळवारी नाव उसवल्यावर मी सुई त्या मधल्या पानात घातली होती. सगळ्या उपटणार होते, बाई, तुमचा मागमूस ठेवणार नव्हते. एक फुली उसवली. दोरा निघाला, आणि खालचं कापड दिसलं, कोरं, पांढरंशुभ्र. त्या रिकाम्या जागेकडं मला पाहवेना. तुम्हीच डोळ्यांना असं वळण लावून ठेवलंय. माझ्या डब्यातला तसलाच हिरवा दोरा शोधला आणि भरली. डाव्या हातानं ती फिरलेली दिसली, शेजारच्या तुमच्या फुल्यांत उपरी. म्हणून ती उसवली आणि उजव्या हातानं भरली, तुमच्यासारखी. दोरा ओढला नाही, नुसता टेकवला. ताईंचं बोट आज सगळ्यात जास्त वेळ तिच्यावरच थांबलं होतं.